भांगाचं पाणी

घरपट्टी आमच्याही नावावर येते, महापालिकेची,
गटार मात्र येत नाही.
ते खाडीपलीकडे मार्व्याला थांबतं,
फेरीबोटीचे पैसे नसल्यासारखं.

म्हणून मी टाकी मागवली. काळी, वळ्यावळ्यांची,
गाभण म्हशीएवढी.
भाईंदर-उत्तनचा वळसा घेऊन टेम्पोतून मनोरीला आली
आणि आमच्या बोळात अडकली.
इनासमामाने आधी शिव्या दिल्या,
मग स्वतःच कोयता आणून जास्वंद छाटली.

तिघांनी खड्डा खणला.
दोन हात काळी माती, मग कालवांच्या शिंपा,
मग औषधाची एक बाटली, बूच तसंच,
मग पाणी.
पाण्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"आवस आहे," बुस्त्यांवतात्या कुंपणावरून म्हणाला,
"उधाण खालून येतं. भांग लागू दे, अष्टमीला बसवा."
ठेकेदार योगेश हसला.
त्याला अष्टमीला विरारला दुसरं काम होतं.

रात्री टाकी वर आली.
जराही आवाज न करता.
सकाळी दार उघडलं तर ही अंगणात,
पाईप उपटून, पोट वर करून,
काही विचारायला आल्यासारखी.

रिकामी टाकी तरंगतेच, योगेश म्हणाला,
जणू आम्हीच ती तरंगवली होती.
आत पाणी भरत जायचं, बाहेरून माती ढकलत जायची,
आत जेवढं तेवढंच बाहेर.
पण पाणी कुठलं? विहीर मचूळ,
आणि आठ वर्षं तिला आमचाच वास.

टँकर सांगितला, अष्टमीचा.
ड्रायव्हरने नळी ओढत विचारलं, "पिण्याची का टाकी?"
"नाही, संडासाची."
त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आई मध्येच दोन कळशा घेऊन उभी राहिली,
त्या भरून झाल्यावरच बाजूला सरली.

टाकी बसली. तात्या त्या दिवशी कुंपणाशी आला नाही,
बोंबील वाळवत होता.

संध्याकाळी योगेशने फॉर्म दिला.
जुन्या टाकीचा उपसा: कधी, कोणाकडून?
कधी ते आठवलं. एक उन्हाळा सोडून दुसऱ्या उन्हाळ्यात,
दिवेलागणीनंतर.
कोणाकडून?

एक माणूस यायचा. कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक त्याच्या पोराच्या हातात.
पोरगा माझ्याच वयाचा असेल.
आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि रोझरी
रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणायचो.
माडाच्या बुंध्याशी एक कप असायचा, कान तुटलेला,
उपडा घातलेला. त्यांचा.

"नाव काय होतं गं त्याचं?"
आई तांदूळ निवडत होती.
"ए म्हटलं की यायचा."

योगेश म्हणाला, खासगी लिहा, चालतं.
मी नाही लिहिलं. काही सुचलंही नाही.
तो रकाना तसाच गेला, माझ्या सहीसकट.

आता घराला नियम आहेत.
शनिवारचं ॲसिड बंद, फिनेल बंद,
तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही.
आईला हे पटत नाही. चाळीस वर्षं
तिने ॲसिडनेच घराची अब्रू राखली.

"त्याने जिवाणू मरतात, आई."
"कोण?"
"आत असतात. सगळं काम तेच करतात."
"दिसतात?"
"नाही."
ती बराच वेळ बोलली नाही.
मग ॲसिडची बाटली उचलून
माळ्यावर, ख्रिसमसच्या ताऱ्यामागे ठेवून आली.

केळीच्या बुडाशी आता पाणी निघतं,
वास नसलेलं, जवळजवळ स्वच्छ.
योगेश म्हणतो, झाडांना चालेल, भांड्यांना नको.
केळीला काहीच अडचण दिसत नाही.

रात्री हवेचा पंप घुमतो,
भुंगा कौलात अडकावा तसा.
परवा वीज गेली आणि तो थांबला.
आई अंधारात अंथरुणावर उठून बसली,
वीज येईपर्यंत तशीच.
पंप पुन्हा सुरू झाला तेव्हा
पाय पोटाशी घेत हळूच म्हणाली,
"आहेत."